पाळकसाहेबांचे काम काय असते? प्रेस्बिटेरियन पद्धत, सोप्या भाषेत

प्रेस्बिटेरियन हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ. त्यातला पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, ज्या मंडळीत (एका चर्चच्या सभासदांच्या समुदायात) दर रविवारी उपदेश करतो, त्या मंडळीचा तो सभासद नसतो. त्याचे नाव असते प्रेस्बिटरीच्या यादीत. प्रेस्बिटरी म्हणजे एका भागातल्या सगळ्या मंडळ्यांचे पाळक आणि त्या मंडळ्यांनी पाठवलेले वडील यांची सभा. (वडील म्हणजे इथे बाप नव्हे, तर मंडळीने कारभारासाठी निवडलेले सभासद.) एवढी एक बाब ध्यानात आली की या पद्धतीतले निम्मे कोडे सुटते. चार घरांचे पाळकाशी बिनसले म्हणून ती घरे त्याला काढू शकत नाहीत. उलट, मंडळीत त्याचे कितीही वजन असले तरी तो तिथे आपल्या मर्जीचा कायदा चालवू शकत नाही. त्याची चौकशी, त्याचा राजीनामा, त्याच्यावरची कारवाई हे सगळे प्रेस्बिटरीकडे.

बाहेरून दिसतो तो एकच माणूस: काळा झगा, गळ्यापाशी दोन पांढऱ्या पट्ट्या, हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, आणि खरे तर आपल्याच तरुण मुलांनाही, वाटते की सगळा कारभार त्याच्याच मुठीत आहे. प्रत्यक्षात ही पद्धत उभीच राहिली ती एकाच्या मुठीत कारभार जाऊ नये म्हणून. पाळक एकटा पडला की तिचा एकेक सांधा निखळू लागतो. ते कसे, हे त्याच्या रोजच्या कामातूनच नीट दिसते.

सगळ्यांत खालची पायरी सेशनची, म्हणजे वडीलसभेची. त्यात पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील बसतात. त्यावर प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड, आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली. खालच्या सभेचा निर्णय पटला नाही तर वरच्या सभेकडे दाद मागता येते. सगळे पाळक एका पातळीचे. सभेचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, ठरावीक मुदतीपुरता खुर्चीवर बसतो आणि मुदत संपली की पुन्हा इतरांसारखा होतो. वडीलसभेचा मॉडरेटर मात्र पाळकच. स्कॉटिश रीतीत त्याला तिथे एरवी मत नसते. दोन्ही बाजूंची मते सारखी पडली तरच त्याचे निर्णायक मत. बायबलच्या नव्या करारात, १ तीमथ्य ५:१७ मध्ये, कारभार पाहणारे वडील आणि त्यांतले उपदेश-शिक्षणाचे श्रम करणारे वडील असा उल्लेख येतो, त्यावर ही मांडणी उभी आहे. पाळकही वडीलच, फक्त शिकवण्याचे काम सोपवलेला.

नागपूरशी या पद्धतीचा संबंध जुना आहे. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाळक कोण असावा हे ठरवण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडे असे. मंडळीला नको असलेला माणूस तिच्या माथी मारला जाई. या वादातून १८ मे १८४३ रोजी चर्च ऑफ स्कॉटलंड, म्हणजे तिथले प्रेस्बिटेरियन चर्च, फुटले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी पगार, घर, चर्चची इमारत सगळे सोडले आणि थॉमस चामर्स यांच्या पुढारीपणाखाली फ्री चर्च उभे केले. त्याच फ्री चर्चने पाठवलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ साली, भोसल्यांचे राज्य असताना, नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, दगड आणि जीवाश्म जमवले, गावोगाव फिरले. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. सिव्हिल लाइन्समधले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे, १८८३ सालचे. म्हणजे मंडळीने आपला पाळक स्वतः निवडायचा हे तत्त्व, ज्यासाठी घरदार सोडावे लागले, ते दोनच वर्षांत आपल्या गावात पोहोचले होते.

पुढे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे मिळून १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरातच, सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. सीएनआयमध्ये बिशप आहेत. पाळकाची नेमणूक आणि बदली त्यांच्याकडून होते, आणि वडीलसभेची जागा पास्टरेट कमिटीने घेतली आहे. तरी जुन्या खुणा टिकून आहेत: दीक्षित पाळकाला तिथे प्रेस्बिटर म्हणतात, आणि सिनडचा प्रमुख स्वतः बिशप असला तरी त्याचे पद मॉडरेटर याच नावाचे. बिशप नसलेली प्रेस्बिटेरियन पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर पाहायची तर मिझोराम-मेघालयाकडे पाहावे लागते. इथे पुढे जे सांगितले आहे ते मूळ प्रेस्बिटेरियन रीतीचे. सीएनआयमध्ये फरक पडतो तिथे तसे म्हटले आहे.

पाळक होतो कसा

आधी स्वतःची मंडळी आणि वडीलसभा त्याला ओळखते, शिफारस करते. मग प्रेस्बिटरी त्याला उमेदवार म्हणून घेते. मग शिक्षण: आपल्याकडे बहुधा सेरामपूर कॉलेजच्या सेनेटची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही धर्मशिक्षणाची पदवी, पदवीधराला साधारण चार वर्षे. त्यात ग्रीक आणि हिब्रूची ओळख, जुना व नवा करार, मंडळीचा इतिहास, सिद्धान्त, समुपदेशन. विदर्भातल्या वाचकांना माहीत असेल की युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होती. १९८३ साली ती पुण्याला गेली.

पदवी मिळाली म्हणजे पाळक झाला असे नाही. प्रेस्बिटरी त्याची परीक्षा घेते आणि उपदेश करण्याचा परवाना देते. या टप्प्यावर तो प्रवचन देऊ शकतो, पण बाप्तिस्मा देऊ शकत नाही आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, चालवू शकत नाही. जुन्या रीतीत तो उपासनेच्या शेवटी हात उंचावून मंडळीला आशीर्वादही देत नाही. ‘तुम्हांबरोबर असो’ऐवजी ‘आम्हांबरोबर असो’ अशी प्रार्थना करतो.

नंतर येते पाचारण, म्हणजे मंडळीने पाळकाला दिलेले बोलावणे. एखाद्या मंडळीत जागा रिकामी झाली की प्रेस्बिटरी दुसऱ्या एखाद्या पाळकाला तिथे तात्पुरता मॉडरेटर नेमते. मंडळी निवड समिती करते. समिती उमेदवारांची प्रवचने ऐकते, त्यांना भेटते आणि एकच नाव पुढे आणते. तो उमेदवार मंडळीपुढे उपासना चालवतो आणि सभासद गुप्त मतदान करतात. होकार आला तर पाचारणपत्रावर सभासदांच्या सह्या घेतात आणि ते पत्र प्रेस्बिटरीकडे जाते. याच ठिकाणी घोळ होतात. सह्या कमी पडल्या, किंवा एकाच आडनावाच्या घरांच्या सह्या दिसल्या, तर प्रेस्बिटरीने थांबून विचारले पाहिजे. काठावरच्या बहुमतावर आलेला पाळक पहिल्या दिवसापासून एका गटाचा ठरतो, आणि पुढे तो शिक्का पुसायला फार कष्ट पडतात.

दीक्षेआधी मंडळीत जाहीर सूचना वाचतात: या माणसाच्या जीवनाबद्दल किंवा शिकवणुकीबद्दल कोणाची हरकत असेल तर ती पुराव्यासह सांगावी. मग प्रश्न विचारले जातात, तो वचने देतो, आणि प्रेस्बिटरी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करते. एकट्या कोणाचा हात नसतो, सगळ्यांचे असतात. सीएनआयमध्ये हा विधी बिशप करतो आणि त्याच्याबरोबर इतर प्रेस्बिटर हात ठेवतात. चर्च ऑफ स्कॉटलंडने स्त्रियांना १९६६ साली वडील म्हणून आणि १९६८ साली पाळक म्हणून दीक्षेचा मार्ग मोकळा केला. सीएनआयमध्येही स्त्रिया प्रेस्बिटर आहेत.

प्रवचनाची तयारी

मराठीत सावकाश, स्पष्ट बोलले तर मिनिटाला सुमारे १०० शब्द होतात. वीस मिनिटांचे प्रवचन म्हणजे दोन हजार शब्द, दर आठवड्याला, वर्षातून पन्नास वेळा. शनिवारी रात्री बसून हे जमत नाही, आणि जमवले तर तेच ते पाच विषय फिरून फिरून येतात. मंडळीला ते कळते, बोलत कोणी नाही.

प्रेस्बिटेरियन रीतीत शास्त्राचे एखादे पुस्तक क्रमाने घेऊन त्यावर उपदेश करण्याची परंपरा आहे. तिचा फायदा असा की पाळकाला गैरसोयीचे उतारे टाळता येत नाहीत. पैशावर, हुंडा-मानपानावर, घरातल्या मारहाणीवर बोलायचा दिवस आपोआप येतो, आणि कोणा एकाला उद्देशून बोलल्याचा आरोप राहत नाही. सोमवारी बहुतेक पाळक सुट्टी घेतात आणि घ्यावीच. मंगळवारी उतारा मोठ्याने चार-पाच वेळा वाचायचा, तोही जुन्या मराठी आवृत्तीत आणि सोप्या मराठीत, दोन्हींत. मूळ भाषेतले अवघड शब्द पाहायचे. बुधवारी उताऱ्याचे म्हणणे एका वाक्यात लिहायचे. हे वाक्य जमेपर्यंत पुढे जायचे नाही; बिघडलेल्या बहुतेक प्रवचनांचे मूळ इथे असते. गुरुवारी मांडणी, शुक्रवारी लेखन, शनिवारी मोठ्याने वाचून वेळ मोजणे आणि काटछाट.

नागपूरच्या मंडळीपुढे भाषेचाही प्रश्न असतो. पुढच्या बाकांवरच्या आज्जींना जुनी शास्त्राची मराठी तोंडपाठ, मागच्या बाकांवरची मुले इंग्रजी शाळेतली, घरात निम्मे बोलणे हिंदीत. शास्त्रपाठ वाचणाऱ्या तरुणाला तो कागद दोन दिवस आधी मिळाला पाहिजे. ‘नबुखद्नेस्सर’ व्यासपीठावर पहिल्यांदा वाचायला लावू नये. आणि एप्रिल-मेमध्ये उपासना सकाळी लवकर ठेवून प्रवचन पंधरा मिनिटांवर आणावे. ४४-४५ अंशांच्या दिवसांत दहा वाजता पत्र्याखाली बसलेल्या माणसाचे लक्ष कुठे जाणार?

घरभेटी

समजा मंडळीत १५० घरे आहेत. आठवड्याला सहा भेटी धरल्या तर सगळ्या घरांची एक फेरी व्हायला २५ आठवडे लागतात, तेही कोणी आजारी पडले नाही, कोणाचे लग्न-मयत निघाले नाही तर. म्हणून वडील लागतात. दहा-बारा वडिलांत घरे वाटली तर प्रत्येकाकडे बारा-पंधरा येतात, आणि एवढ्या घरांची खबर नोकरी करणाऱ्या माणसालाही ठेवता येते. कोणाचा मुलगा पुण्याला गेला आणि आई एकटी राहिली, कोण हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीला लागला म्हणून रविवारी येत नाही, हे पाळकाला वडिलांकडून कळायला हवे. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाआधी वडील आपापल्या घरांना भेटत आणि ज्यांना प्रभुभोजनाच्या मेजाशी येण्याची मोकळीक आहे त्यांना शिशाचे छोटे बिल्ले देत. पुढे बिल्ल्यांच्या जागी कार्डे आली, पण भेट राहिली. आपल्याकडे उलटे झाले: वडील कमिटीच्या बैठकीपुरते उरले आणि भेटी एकट्या पाळकाच्या गळ्यात पडल्या. आमच्या मते मंडळ्या आतून सुकतात त्या इथून.

चांगली भेट पाऊण तासाची. आधी फोन करून जावे. उन्हाळ्यात बारा ते पाच कोणाचे दार वाजवू नये. पहिला अर्धा तास ऐकण्याचा. मग शास्त्रातल्या पाच-सहा ओळी आणि त्या घरात ऐकलेल्या गोष्टींसाठीच प्रार्थना. पाठ केलेली लांबलचक प्रार्थना घरच्यांना लगेच ओळखू येते. बाई घरी एकटी असेल तर वडिलांना किंवा महिला मंडळातल्या कोणाला तरी बरोबर घ्यावे. वही ठेवावी: तारीख, घर, काय करायचे कबूल केले. गुपिते त्या वहीत लिहू नयेत. तीन महिन्यांनी वही चाळली की आपण कोणत्या घरी चारदा गेलो आणि कोणत्या घरी एकदाही नाही, हे दिसते. बहुधा चारदा गेलेले घर खात्यापित्याचे असते.

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या वॉर्डात वेगळे नियम. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी उभे राहावे, खाटेवर बसू नये. आवाज रुग्णापुरता, शेजारच्या खाटेवरही आजारी माणूस आहे. स्तोत्र २३ किंवा १२१, मग दोन मिनिटांची प्रार्थना. बरे व्हालच असे वचन देऊ नये. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलवावे असे आहे, म्हणजे एकाहून अधिक. पाळकाने वडिलांना बरोबर नेले की त्यांनाही आजाऱ्यापुढे कसे बोलावे हे शिकता येते.

बाप्तिस्मा, आणि आईबापांची भीती

प्रेस्बिटेरियन मंडळीत दोनच संस्कार: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. सभासद आईबापांच्या लेकरांचा बाप्तिस्मा होतो. पाणी ओतून किंवा शिंपडून चालते, बुडवणे आवश्यक नाही. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. तो मंडळीच्या उपासनेत, सगळ्यांसमोर होतो, कारण वचन फक्त आईबाप देत नाहीत, मंडळीही देते. वचन देण्याची मुख्य जबाबदारी आईबापांची असल्याने या रीतीत धर्ममातापिता आवश्यक नाहीत. सीएनआयमध्ये शिशुबाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. पाळकाने घरच्यांना हे दोन्ही पर्याय समजावून सांगायला हवेत.

सर्वांत नाजूक वेळ येते ती नवजात अतिदक्षता विभागात. बाळ जगेल न जगेल अशी अवस्था, आणि आजी म्हणते, ‘पाळकसाहेब, बाप्तिस्म्याशिवाय गेलं तर त्याचं काय होईल?’ याचे उत्तर वेस्टमिन्स्टर विश्वासकथनात, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या सतराव्या शतकातल्या सिद्धान्तग्रंथात, स्पष्ट आहे, आणि प्रत्येक पाळकाला ते झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे: बाप्तिस्म्याची हेळसांड करणे चूक, पण तारण बाप्तिस्म्याला असे बांधलेले नाही की त्याच्यावाचून कोणी तरू शकत नाही. बाळ देवाच्या कृपेत आहे ते पाण्यामुळे नाही. हे आधी सांगावे, हात धरून, शांतपणे. त्यानंतरही आईबापांची इच्छा असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर पाळक एका वडिलांना घेऊन जातो, निर्जंतुक पाण्याचे दोन थेंब पुरतात, आणि नोंद त्याच दिवशी वहीत होते. भीतीपोटी नर्सने किंवा नातेवाईकाने घाईघाईने बाप्तिस्मा देण्याची प्रथा प्रेस्बिटेरियन सिद्धान्ताला मान्य नाही. संस्कार दीक्षित पाळकानेच द्यायचा. नियम कडक वाटेल, पण त्याच्या मागे तेच सांत्वन आहे: घाई करण्याची गरजच नाही. बाळ दगावले आणि बाप्तिस्मा झालेला नसला, तरी त्याचे दफन पूर्ण प्रार्थनेने, नाव घेऊन करावे. इथे मागेपुढे पाहणारा पाळक त्या आईला आयुष्यभराची जखम देतो.

नोंदवहीत अनुक्रमांक, बाळाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावे, पत्ता, व्यवसाय आणि पाळकाची सही. नाव जन्मदाखल्यावरून उतरवायचे, तोंडी सांगण्यावरून नाही. चूक झाली तर पांढरी शाई लावू नये, गिरवू नये. एक रेघ मारून समासात दुरुस्ती, तारीख आणि सही. वीस वर्षांनी हाच दाखला शाळा, लग्न, वारसा यांसाठी मागितला जातो, आणि खाडाखोड असलेली नोंद कोणी मानत नाही.

प्रभुभोजन

जुन्या स्कॉटिश रीतीत ते वर्षातून थोड्याच वेळा होई, पण त्याआधी तयारीची उपासना असे. आता बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. मूळ रीतीत लोक वेदीशी गुडघे टेकत नाहीत. बसल्या जागी वडील भाकर आणि प्याले आणून देतात, कारण हे मेज आहे आणि यजमान प्रभू आहे. सीएनआयमध्ये अनेक चर्चांत पुढे येऊन गुडघे टेकण्याची अँग्लिकन रीत रूढ आहे.

व्यवहाराचे बोलायचे तर २०० जणांना प्रत्येकी १० मिलीच्या हिशेबाने दोन लिटर रस लागतो. सांडलवंड धरून अडीच. चाळीस प्याल्यांचे पाच ट्रे. अनेक मंडळ्या मनुकांचा रस करतात: एक किलो काळ्या मनुका तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी १५-२० मिनिटे उकळायच्या, कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळायच्या. आपल्याकडच्या उन्हात आदल्या दिवशीचा रस बाहेर राहिला तर फसफसतो, म्हणून तो फ्रिजमध्ये किंवा त्याच सकाळी. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेताना बरोबर एक वडील असतोच. तो नसला तर ते पाळक आणि आजारी यांच्यातले खासगी काम होते, आणि प्रेस्बिटेरियनांचा जुना आक्षेप नेमका त्यालाच होता.

लग्न

इथे पाळक कायद्याच्या चौकटीत उभा असतो. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा. त्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकांचा वेगळा उल्लेख आहे, शिवाय राज्य सरकारकडून परवाना मिळालेले पाळक आहेत. आपण कोणत्या गटात येतो आणि त्याचा कागद कुठे आहे, हे पाळकाने पहिले लग्न लावण्याआधी पाहून ठेवावे. परवानाधारक पाळकासाठी क्रम असा: वधू-वरांपैकी एकाने लेखी नोटीस द्यायची; ती चर्चमध्ये ठळक जागी लावायची; अडथळा नसल्याचे प्रतिज्ञापूर्वक निवेदन घ्यायचे; मग पाळकाने प्रमाणपत्र द्यायचे. त्या प्रमाणपत्रापासून दोन महिन्यांत लग्न लागले नाही तर ते रद्द होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात, पाळकाखेरीज किमान दोन साक्षीदारांसमोर. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकाला वेळेची ही अट लागू नाही, पण परवानाधारकाला आहे. साडेपाचची वेळ दिली, ब्युटी पार्लर आणि वरातीत पावणेसात वाजले, तर पाळकाने आधीच लेखी कळवलेले असावे की सातनंतर विधी होणार नाही.

वयाचा पुरावा (वर २१, वधू १८), घटस्फोटिताचा कोर्टाचा हुकूमनामा, विधुर-विधवेसाठी मृत्यूचा दाखला, हे सगळे मूळ कागद पाहूनच. मंडळीच्या लेटरहेडवरचे ‘सोडचिठ्ठी’चे पत्र म्हणजे घटस्फोट नव्हे. दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल तरी या कायद्याखाली लग्न लागू शकते; मंडळीचे स्वतःचे नियम त्याहून कडक असू शकतात. कोणावर धर्म बदलण्याचे दडपण येत असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट सांगावी, तिथे ३० दिवसांची नोटीस असते.

मयत

फोन आला की आधी त्या घरी जावे, बाकी फोन नंतर. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आहे का, अपघात किंवा आत्महत्या असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाले का, हे घरातल्या एका शांत माणसाला बाजूला घेऊन विचारावे. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत. दफनभूमीत कबर कोण खणणार, किती वाजता, हे वडिलांनी पाहायचे. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात दगडासारखी होते, पावसाळ्यात खणलेल्या खड्ड्यात तासाभरात पाणी भरते आणि कडा ढासळतात. म्हणून पावसात कबर खूप आधी खणून ठेवू नये, बादल्या किंवा पंप आणि कडेला फळ्या तयार असाव्यात. शवपेटी पाण्यावर तरंगताना पाहणे कोणत्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

१६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-निर्देशिकेने तर दफन कोणत्याही विधीशिवाय करायला सांगितले होते, मृतासाठी प्रार्थनेचा गैरसमज होऊ नये म्हणून. आज घरी, चर्चमध्ये आणि कबरेशी प्रार्थना होतात, पण गाभा तोच आहे: गेलेल्याबद्दल देवाचे आभार, राहिलेल्यांना पुनरुत्थानाची आशा. आत्महत्या केलेल्याचे दफन नाकारू नये. त्या घराला मंडळीची सर्वांत जास्त गरज त्या दिवशी असते. आणि पाळकाचे खरे काम दफनानंतर सहा आठवड्यांनी सुरू होते, जेव्हा येणेजाणे थांबलेले असते.

पैसा आणि गुपिते

दान पाळकाने मोजू नये. उपासना संपताच दोन जणांनी मोजायचे, वहीत आकडा अक्षरी लिहून दोघांनी सही करायची, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे. चेकवर एकट्या पाळकाची सही पुरेल अशी व्यवस्था असू नये. शहराच्या मधोमध असलेल्या चर्चच्या जमिनी आज फार मोलाच्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ मंजुरीवाचून त्या विकता येत नाहीत. कोणी ‘नुसती सही द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणाले की विषय थेट वडीलसभेच्या इतिवृत्तात न्यावा.

लोक पाळकाला जे सांगतात ते त्याच्यापाशी राहिले पाहिजे, बायकोलाही सांगायचे नाही. (पाळकीणबाई मंडळीच्या बिनपगारी नोकर नव्हेत, हेही इथेच सांगून टाकू.) पण एक मर्यादा आहे आणि ती आधीच बोलून दाखवावी. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकावरही. ‘मंडळीचे नाव जाईल’ म्हणून वडिलांनी घरातल्या घरात मिटवणे हा गुन्हा आहे आणि त्या लेकराचा विश्वासघातही. इतर तक्रारींत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला क्रम: आधी एकांतात, मग दोघा-तिघांसमोर, मग मंडळीपुढे. तो क्रम समान ताकदीच्या दोन माणसांसाठी आहे. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याशी एकांतात बोलायला पाठवण्यासाठी नाही.

निरोप

पाळक जाताना वह्यांच्या शेवटच्या नोंदी पूर्ण करून, तारीख घालून, वडिलांसमक्ष सोपवतो. आजारी आणि घराबाहेर न पडणाऱ्यांची यादी पत्त्यांसह, ज्यांची लग्नाची नोटीस लागली आहे त्यांची नावे, सभासदत्वाच्या वर्गातली मुले, किल्ल्या. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी तो सोपवत नाही. फार तर त्या घराला विचारून, त्यांच्या परवानगीने. पुढे जुन्या मंडळीत लग्नाला किंवा दफनाला तो नव्या पाळकाच्या बोलावण्यावाचून उभा राहत नाही. घरचे जुन्या पाळकालाच आग्रह करतात, प्रेमाने करतात, आणि नवा पाळक संकोचाने हो म्हणतो. पहिल्या वर्षात तरी असली निमंत्रणे नकोतच, आणि हे जुन्या पाळकानेच त्या घराला फोन करून सांगावे. नव्या माणसाला ते सांगायला लावू नये.